बोटीवरचा अधिकारी कसा होतो?
सभासदांच्या मुलामुलींसाठी दर्यावरच्या शिक्षणाची माहिती



बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघर एकच चर्चा सुरू होते. पोराला पुढे कुठे घालायचे? कोणी इंजिनिअरिंग म्हणतो, कोणी पोलीस भरती, कोणी फौज. आणि काहीच जमले नाही तर कारखान्यात कुठे चिकटतंय का बघा म्हणून संचालकांच्या घरी खेटे सुरू होतात. अलीकडे या यादीत आणखी एका नावाची भर पडली आहे. ते म्हणजे मर्चंट नेव्ही. "अवो, त्येंच्या पाव्हण्याचं पोरगं बोटीवर लागलंय म्हणं. पगार डॉलरात हाय!" एवढे पारावर ऐकले की घरात बोलणे सुरू होते. पाठोपाठ एखादा गृहस्थ फाइल काखोटीला मारून दारात येतो आणि सांगतो, "एवढे लाख भरा, सहा महिन्यांत पोरगं बोटीवर."

बोटीवर अधिकारी होण्याची वाट खरी आहे, आणि चांगलीही आहे. पण तिची नीट माहिती खेड्यात पोचलेली नाही. वाट माहीत नसलेल्या माणसाला पहिला भेटेल तो वाटाड्या खरा वाटतो, आणि मग सातबारा गहाण पडतो. तसे होऊ नये म्हणून ही माहिती सविस्तर देत आहोत.

नौदल वेगळे, व्यापारी जहाज वेगळे

पहिली गल्लत इथेच होते. शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी आपणा सर्वांना माहीत आहे. फौजेत जाणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. त्यामुळे 'नेव्ही' म्हटले की आपल्याला सरकारी नोकरी, गणवेश आणि पेन्शन आठवते. पण ते भारतीय नौदल. मर्चंट नेव्ही म्हणजे मालाची ने-आण करणारी व्यापारी जहाजे. ती कंपन्यांची असतात. नोकरी बहुधा करारावर असते आणि सरकारी पेन्शन नसते. अधिकाऱ्याला गणवेश असतो, पण हातात बंदूक नसते.

जगाच्या व्यापारातला, वजनाने पाहिले तर, ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. आपली साखरसुद्धा त्यातच आली. 2021-22 च्या साखर वर्षात भारतातून सुमारे 110 लाख टन साखर निर्यात झाली, तिचा मोठा भाग जहाजांनीच गेला. एका मध्यम जहाजात 30 हजार टन साखर भरली असे धरा. म्हणजे 50 किलोची 6 लाख पोती. 12 टक्के उताऱ्याने हिशेब केला तर त्यासाठी अडीच लाख टन ऊस लागला. रोज 5 हजार टन गाळणाऱ्या कारखान्याचे हे पन्नास दिवसांचे गाळप झाले. आणि एवढा माल घेऊन महिनाभर समुद्र कापणाऱ्या जहाजावर माणसे असतात अवघी वीस-पंचवीस! त्यातले निम्म्याच्या आसपास अधिकारी. एका माणसाच्या अंगावर केवढी जबाबदारी असते, हे यावरून ध्यानात येईल.

साखरवाल्यांचा आणि जहाजांचा जुना संबंध

"आपण घाटावरची माणसं, आपला समुद्राशी काय संबंध?" असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि जुना आहे. गगनबावड्याहून घाट उतरला की कोकण लागते. याच बावड्याची जहागीर असलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांसाठी लाकूड लागते म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिला राजी केल्याशिवाय तोडू नयेत, असेही त्यात बजावले आहे. मालवणचा सिंधुदुर्ग 1812 पर्यंत कोल्हापूर दरबाराकडे होता.

पुढचा धागा तर थेट साखरेचा आहे. सोलापुरात 1882 साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांचे नाव सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे आपल्या परिचयाचे आहे. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर आणि नाशिक जिल्ह्यातले रावळगाव इथले ऊसमळे आणि साखर कारखाने त्यांनी उभे केले. पण हेच वालचंदशेठ नरोत्तम मोरारजी आदी मंडळींबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढण्यात पुढे होते. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली 'लॉयल्टी' ही त्यांची बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या दिवसाची आठवण म्हणून 1964 पासून 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. गोऱ्या कंपन्यांनी भाडी पाडून या कंपनीची कोंडी करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. तरी ती टिकली.

त्या काळी आपली कोकणातली माणसे गोऱ्यांच्या बोटींवर नव्हती असे नाही. रत्नागिरीकडचे खलाशी पिढ्यान् पिढ्या बोटींवर होते. कोणी सारंग झाला, कोणी तांडेल झाला. पण त्याच्या वर जाता येत नसे. वर साहेब, खाली खलाशी. ही भिंत पाडायला शिक्षणच लागले. भारतीय मुलांना अधिकारी करण्यासाठी 1927 साली मुंबईला माझगावजवळ 'डफरिन' ही शिक्षणाची बोट सुरू झाली. 1972 मध्ये तिची जागा 'राजेंद्र' या बोटीने घेतली. 1993 पासून हे शिक्षण नवी मुंबईत नेरूळजवळ जमिनीवर आले. तीच 'टी. एस. चाणक्य' संस्था. 2008 साली भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले आणि चाणक्यसह सरकारच्या जुन्या सागरी शिक्षणसंस्था त्याखाली आल्या. आज सरकारी आकडेवारीप्रमाणे जगातल्या दर शंभर दर्यावर्दींमध्ये दहा-बारा भारतीय असतात.

काम असते तरी काय?

जहाजावर दोन मुख्य विभाग असतात. एक डेकचा, म्हणजे जहाज चालवण्याचा. दुसरा इंजिनचा.

डेक विभागात थर्ड ऑफिसर, सेकंड ऑफिसर, चीफ ऑफिसर आणि शेवटी कॅप्टन अशी चढती पायरी असते. नकाशा, रडार, हवामान, माल भरणे-उतरवणे आणि जहाजाचा तोल सांभाळणे ही त्यांची कामे. चार-चार तासांच्या पाळ्या दिवसातून दोनदा कराव्या लागतात. रात्री बारा ते चार अंधारात डोळे फाडून उभे राहावे लागते. समोरून येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर ती त्याची डावी बाजू, हिरवा दिसला तर उजवी. एवढ्यावरून ते कोणत्या दिशेला चालले आहे हे ओळखून आपले जहाज वळवायचे असते.

इंजिन विभागात फोर्थ, थर्ड, सेकंड आणि वर चीफ इंजिनिअर. आपल्या कारखान्यात वावरलेल्या मुलाला ही इंजिनरूम फारशी परकी वाटणार नाही. बॉयलर तिथे आहे, पंप आहेत, जनरेटर आहेत. आपल्याकडे सेंट्रिफ्युगल मशीन गरगर फिरून साखर आणि मळी वेगळी करते ना? त्याच तत्त्वावर जहाजावरचे यंत्र जाड तेलातले पाणी आणि गाळ बाजूला काढते. आपण पॅनमधली हवा ओढून घेऊन पाक कमी उष्णतेवर शिजवतो, म्हणजे साखर करपत नाही. जहाजावर तीच युक्ती गोड्या पाण्यासाठी वापरतात. इंजिन थंड करून गरम झालेल्या पाण्याची ऊब घेतात, भांड्यातली हवा ओढतात आणि खारे पाणी पन्नास अंशांच्या आतबाहेर उकळून त्याची वाफ गोळा करतात. ज्या मुलाला आपल्या कारखान्यातल्या वर्कशॉपची गोडी आहे, त्याने या विभागाचा जरूर विचार करावा.

शिक्षणाच्या वाटा

बारावी विज्ञान शाखेतून फिजिक्स, केमिस्ट्री व गणित या तीन विषयांत मिळून 60 टक्के, आणि दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत 50 टक्के, ही साधारण अट आहे. वयाची अट आणि राखीव गटांच्या सवलती त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहाव्यात. भारतीय सागरी विद्यापीठाची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. 200 प्रश्न आणि 3 तास असे तिचे स्वरूप आहे. प्रश्न इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातल्या मुलांनी घाबरू नये, पण अकरावीपासूनच रोज थोडे इंग्रजी वाचण्याची सवय लावावी. पुढे सगळा कारभार इंग्रजीतच आहे.

मुख्य वाटा अशा:

1. नॉटिकल सायन्सची तीन वर्षांची बी. एस्सी. डेक अधिकारी होण्यासाठी. चाणक्यमध्ये हा अभ्यासक्रम आहे.

2. नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा, म्हणजे डी. एन. एस. हीसुद्धा डेकचीच वाट. सुमारे एक वर्ष शिक्षण आणि मग थेट जहाजावर. बहुधा जहाज कंपनी मुलाला आधीच निवडते आणि मगच तो संस्थेत जातो.

3. मरीन इंजिनिअरिंगची चार वर्षांची बी. टेक. इंजिन विभागासाठी.

4. ज्यांनी मेकॅनिकलची पदवी आधीच घेतली आहे, त्यांच्यासाठी जी. एम. ई. हा वेगळा छोटा अभ्यासक्रम आहे. आपल्या भागात मेकॅनिकल झालेली मुले पुष्कळ आहेत. त्यांना ही वाट बहुतेक वेळा कोणी सांगतच नाही.

5. दहावीनंतरचा सहा महिन्यांचा जी. पी. रेटिंगचा कोर्स. हा खलाशाच्या कामासाठी आहे. काम प्रामाणिक आहे, कमीपणाचे मुळीच नाही. पण "या कोर्सने पोरगं ऑफिसर होतंय" असे कोणी सांगितले तर ते खोटे समजावे. रेटिंगमधून वर चढता येते, पण त्याला पुन्हा बरीच वर्षे आणि परीक्षा लागतात.

महाराष्ट्रात विद्यापीठाच्या केंद्रांखेरीज तळेगावजवळ तोलानी, लोणी काळभोरला मॅनेट, लोणावळ्याला समुंद्रा अशा खासगी संस्थाही आहेत. संस्था कोणतीही असो, तिच्या त्या विशिष्ट कोर्सला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे का, हे आधी पाहावे. संस्थेला मान्यता असणे आणि कोर्सला असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ही यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. मुलाच्या मोबाइलवर पाच मिनिटांत पाहता येते.

खरी अडचण: आडसालीचे अठरा महिने

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तो नीट लक्षात घ्यावा.

कोर्स पास झाला म्हणजे मुलगा अधिकारी झाला असे नाही. शिक्षणानंतर त्याला कॅडेट म्हणून प्रत्यक्ष जहाजावर ठरावीक महिने काढावे लागतात. डी. एन. एस. वाल्याला 18 महिने, नॉटिकलच्या बी. एस्सी. वाल्याला 12 महिने, मरीनच्या बी. टेक. वाल्याला 6 महिने. तेवढे दिवस भरल्याशिवाय सरकारी परीक्षेला बसता येत नाही. लेखी आणि तोंडी परीक्षा पास झाली की डेकवाल्याला सेकंड मेटचे आणि इंजिनवाल्याला क्लास फोरचे प्रमाणपत्र मिळते. तेव्हा कुठे तो अधिकारी! तिथून कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअर व्हायला साधारण आठ-दहा वर्षे जातात, आणि प्रत्येक पायरीला पुन्हा परीक्षा आहे.

आडसाली ऊससुद्धा 18 महिनेच शेतात उभा असतो. फरक एवढाच, की उसाला रान आपले असते. कॅडेटला जहाज दुसऱ्याकडे मागावे लागते. शिकून बाहेर पडणारी मुले जास्त आणि जहाजावर कॅडेटच्या जागा कमी, हेच या धंद्यातले खरे दुखणे आहे. मान्यताप्राप्त कोर्स करूनही वर्ष-दोन वर्षे घरी बसून जहाजाची वाट पाहणारी मुले आहेत. बापाने लाखो रुपये भरलेले, कर्जाचे हप्ते सुरू झालेले, आणि पोरगे शहरात ऑफिसांच्या पायऱ्या झिजवते आहे. जिथे पोरगे अडते, तिथेच दलाल उभा असतो.

म्हणून आमचे सांगणे एकच: आधी जहाज, मग फी. प्रवेश घेण्यापूर्वीच संस्थेला विचारा, मागच्या तुकडीतल्या किती मुलांना जहाज मिळाले? कोणत्या कंपन्यांनी घेतले? आमच्या मुलाला कंपनीचे निवडपत्र मिळणार का, आणि कधी? उत्तर लेखी मागा. उत्तर गोलमाल आले तर घरी परत या. ऊस लावण्यापूर्वी आपण पाण्याची सोय बघतो, तसेच हे आहे.

पैसा कोणाला द्यायचा, कोणाला नाही

सरकारी विद्यापीठातसुद्धा फी वर्षाला दोन लाखांच्या पुढे जाते. खासगी संस्थेत त्याहून बरीच अधिक. राहणे, जेवण, गणवेश आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च शिवाय धरावा. हा पैसा संस्थेच्या बँक खात्यात भरावा आणि पावती घ्यावी. शैक्षणिक कर्ज मिळते. साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. तेव्हा बँकेत चौकशी केल्याशिवाय जमिनीच्या कागदाला हात लावू नये.

पण नोकरी लावून देण्यासाठी पैसे? एक रुपयाही नाही. जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीकडे महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो आणि तिने उमेदवाराकडून नोकरी लावण्याचे पैसे घेणे नियमाने मना आहे. भारताने 2015 साली मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारातही हेच आहे. परवानाधारक कंपन्यांची नावे संकेतस्थळावर असतात. नाव तिथे नसेल तर माणूस कितीही गोड बोलो, कितीही जवळचा पाहुणा निघो, त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

खालीलपैकी काहीही कानावर आले तर सावध व्हावे:

"परीक्षेची गरज नाही, आमची ओळख आहे."
"आत्ता व्हिजिटर व्हिसावर परदेशी जाऊ दे, जहाज तिथे देतो."
"कागदपत्रं आम्ही तयार करून देतो, तुम्ही फक्त सही करा."
"दोनच जागा उरल्यात, उद्यापर्यंत पैसे पाहिजेत."

असल्या मार्गाने गेलेली मुले परदेशी बंदरात मोडक्या जहाजावर पगाराविना अडकून पडतात. बनावट प्रमाणपत्र सापडले तर गुन्हा मुलाच्या नावावरही नोंदला जातो. पोराचे उभे आयुष्य त्यात जाते.

पगार, आणि त्याची किंमत

अधिकाऱ्याचा पगार चांगला असतो, हे खरेच. पण कॅडेटला सुरुवातीला महिन्याला काही शे डॉलर विद्यावेतन मिळते, त्यावर कर्ज फिटत नाही. अधिकारी झाल्यावरही बहुतेक कंपन्यांत पगार जहाजावर असेपर्यंतच असतो. घरी आला की बंद. म्हणजे आपल्या उसाच्या बिलासारखेच. एकदम मोठी रक्कम हाती येते आणि ती पुढच्या हंगामापर्यंत पुरवायची असते. ज्या घराला बिल आल्याबरोबर गाडी घ्यायची सवय आहे, त्या घराला हा पगारही पुरणार नाही.

आणि पैशाला किंमत मोजावी लागते. सहा-सहा, नऊ-नऊ महिने पोरगे घरी नाही. बेंदूर नाही, गणपती नाही, दिवाळी नाही. घरात लग्न असो की मयत, समुद्राच्या मधून येता येत नाही. 2020 च्या कोरोनाच्या साथीत बंदरे बंद झाली, तेव्हा जगभरात सुमारे चार लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवरच अडकले होते. तांबड्या समुद्रात 2023 च्या अखेरीपासून व्यापारी जहाजांवर हल्ले झाले आणि त्यांत खलाशांचे जीवही गेले. विश्रांतीचे नियम आहेत, चोवीस तासांत किमान 10 तास. तरी काम अंगमेहनतीचे आणि एकलकोंडे आहे. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसा हा दुरून दर्या साजरा! मुलाच्या मनाची तयारी आहे का, हे त्यालाच विचारावे. भावकीतल्या कुणाला दाखवण्यासाठी पोराला समुद्रावर धाडू नये.

मुलींनी मागे का राहावे?

"हे काय बायकांचं काम?" असे म्हणणाऱ्यांसाठी एकच उदाहरण. कॅप्टन राधिका मेनन या मूळच्या केरळच्या. रेडिओ ऑफिसर म्हणून सुरुवात करून त्या व्यापारी जहाजाच्या कॅप्टन झाल्या. जून 2015 मध्ये बंगालच्या उपसागरात वादळी समुद्रात सापडलेल्या 'दुर्गाम्मा' या होडीतल्या सात कोळ्यांना त्यांच्या 'संपूर्ण स्वराज्य' या जहाजाने वाचवले. त्याबद्दल 2016 साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या मुली ट्रॅक्टर चालवतात, कुस्तीच्या मॅटवर उतरतात. मग जहाज चालवायला काय हरकत आहे?

आता करायचे काय?

पहिली गोष्ट डोळ्यांची तपासणी. यासाठी एजंट लागत नाही, की मुंबई लागत नाही. कोल्हापुरात कोणत्याही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रंगांधळेपणाची तपासणी होते. लाल-हिरव्या रंगात गल्लत होत असेल तर ही वाट बंद आहे. मुलाला स्वतःला ते ठाऊकही नसते. डेक विभागासाठी नजर चष्म्याविना चांगली लागते, इंजिनसाठी चष्म्याची काही मुभा असते. लाखो रुपये भरून झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधीच कळलेले बरे.

दुसरी गोष्ट, मुलाला गणित आणि इंग्रजी पक्के करायला लावावे. तिसरी, महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरील दोन्ही याद्या, मान्य कोर्सची आणि परवानाधारक कंपन्यांची, बाप-लेकांनी एकत्र बसून पाहाव्यात. चौथी, बोटीवर असलेला आपल्या भागातला कोणी रजेवर आला असेल तर मुलाला त्याच्याकडे दोन तास बसवावे. पगार किती हे विचारण्याआधी पहिले जहाज मिळायला किती दिवस लागले, ते विचारावे.

एवढे करूनही मुलगा म्हणाला, "मला जायचंय," तर खुशाल पाठवावा. डफरिनच्या आधी आपली माणसे जहाजाच्या तळाशी कोळसा ओढत होती. आज तीच माणसे जहाज चालवतात. या शिडीवर ऊसकऱ्याच्या घरातली मुले-मुलीही चढावीत. मात्र पहिली पायरी दलालाच्या खिशातून जाता कामा नये.